दाराशी बसणारा

दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या बैठकीत तो कायम दाराशी बसतो. वणीकडचा कोळसा वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. बोलायची पाळी आली की भांडल्यासारखा म्हणतो, "आज पेलो नाही." बस्स. टाळ्या वाजल्या तर डाफरतो, "कायले पिटून राह्यले? मी का मंत्री हाव?"

इथलं नाव, इथला चेहरा बाहेर न्यायचा नाही, हा आमचा नियम. वर्धापनदिनाला आलेल्या वार्ताहराला तो दहादा सांगितला. तरी त्या भल्या गृहस्थानं सगळ्यांचे चेहरे छापले आणि वर मथळा दिला, 'दारुड्यांना सुचली सुबुद्धी'. त्यात एक मास्तर होता. बायकोखेरीज कुणालाही न सांगता, त्याच दिवशी पहिल्यांदा आलेला.

सकाळी बसस्टँडवर गेलो, तर हा ड्रायव्हर एकेका चहाटपरीवरचा पेपर उचलून मास्तरचा तेवढा चेहरा नखानं कोरून काढत होता.

टपरीवाला ओरडला, "पेपर काहून फाडून राह्यला बे?"

"माणसाची इज्जत फाडली ते नाही दिसत तुले?"

मी म्हटलं, "दादा, तुमचाबी फोटो हाये न त्यात."

"राहू दे. मले साऱ्या गावानं नालीत पडलेलं पाह्यलं हाये. त्याले कोणीच नाही पाह्यलं."

मास्तर पुन्हा आला नाही. वार्ताहर मात्र परवा आला, कॅमेरा घेऊन. यानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मी चिडून दार लावायला गेलो, तर माझ्यावरच खेकसला,

"लावू नोको. मास्तर आला त?"