पुसलेल्या सहा ओळी

हर्षल आता कशालाच नाही म्हणत नव्हता, आणि त्याच्या आईच्या, छायाबाईंच्या जिवाला नेमका त्याचाच घोर लागला होता. जेवलास का? हो. झोप होते का? हो. पुण्यात थंडी आहे का? हो. काल फोनवर त्यांनी मुद्दाम विचारलं, "तिळचतुर्थीले येतं का रे घरी?" तर म्हणाला, "हो." चतुर्थी होऊन तीन दिवस झाले होते.

हा तोच पोरगा. नववीत असताना अमडापूरच्या शाळेत सरांनी फळ्यावर सोडवलेलं गणित चुकलं, तर भर वर्गात उभा राहून त्याने ते सांगितलं होतं. सरांनी घरी निरोप धाडला. छायाबाई चिखलीच्या कॉलेजातून गणित घेऊन बीएस्सी झालेल्या. त्यांनी रात्री वही उघडून तेच गणित सोडवून पाहिलं. पोरगा बरोबर होता. तरी दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत नेऊन सरांच्या पाया पडायला लावलं. "मोठ्या माणसाले चार लोकांत खोटं पाडू नये, बापा. बाजूले घेऊन सांगावं." सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सगळ्या वर्गाच्या वह्यांत गणित चुकीचंच राहिलं.

पुढे इंजिनिअर होऊन हर्षल दीड वर्ष घरीच होता. वडिलांबरोबर वांगी-टमाटे तोडायचा, गावात कोणी "काय चाललं?" विचारलं की मान खाली घालायचा. शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या अविनाशने त्याला पुण्यात, स्वतः नोकरीला होता त्या कंपनीत लावून घेतलं. ही कंपनी विहिरीवरच्या मोटारीला जोडायचे डबे बनवते. लाईट आली की मोटार सुरू करायची, पाणी तळाला गेलं की बंद करायची. शेतकऱ्याने मोबाइलवरून जे ठरवून दिलं, ते लाईट गेली तरी डब्यातल्या फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये राहतं. त्या चिपशी बोलणारा प्रोग्रॅम हर्षलकडे होता. दुसऱ्या कोणी त्यात बदल केला, तर तो डब्यांत जाण्याआधी तपासायचं कामही त्याचंच. वडील कौतुकाने म्हणत, "नांगर कोणाचाबी असो, तास वाकडं गेलं का याले दिसते."

मागच्या दिवाळीत तो पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होता. छायाबाई शेजारी करंज्या भरत होत्या. तपासायला आलेला बदल अविनाशने केलेला होता. हर्षल बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

"काऊन रे, काय झालं?"

त्याने पिठाच्या परातीत बोटाने घरं काढून दाखवली. शून्यापासून आकडे टाकले. "हे पाय, आई. चिपले माहिती देणारं यंत्र चार-चार घरं एकदम उचलते. सुरुवात शून्य, चार, आठ अशाच घरापासून. आधी आपण माहिती अशा नेमक्या जागेवर मांडून घेत होतो, मग लिहीत होतो. अविनाशदादानं ते मांडून घेणंच काढून टाकलं. काम झटपट होते म्हणून."

"अन् माहिती तिसऱ्या घरापासून असली तर?"

"तर यंत्र बोंबलत नाही. गुपचूप शून्यापासून उचलते. शेजारचं कायबी लिहिल्या जाते. तिफण सरकली तरी बी पडतेच ना? उगवल्यावर कळते."

अविनाशच्या चाचण्यांत माहिती नेहमी नेमक्या घरापासूनच सुरू होत होती, त्यामुळे त्या सगळ्या पास झाल्या होत्या. हर्षलने सहा ओळींची हरकत लिहिली. ती कंपनीतल्या सगळ्यांना दिसणार होती. पाठवायच्या आधी त्याने आईला वाचून दाखवली.

छायाबाईंचा हात करंजीवर थांबला. "बरोबर आहे तुझं. पण त्यानं तुले लावलं तिथं. असं चार लोकांत लिहितं का? फोन करून सांग."

हर्षलने सहा ओळी पुसल्या आणि फोन लावला. पलीकडून अविनाशचं मोकळं हसू पडवीभर ऐकू आलं. "लय बारीक पाह्यतं बे तू! टेस्ट पास झाल्या ना? ओके देऊन टाक. मी मागून पाहतो."

हर्षलने ओके दिलं. दुसऱ्या दिवशी अविनाश फराळाला आला, छायाबाईंच्या पाया पडला आणि सहा करंज्या खाऊन गेला. मागून त्याने काहीही पाहिलं नाही.

नवा प्रोग्रॅम डब्यांत गेला. मागच्या आठवड्यात उंद्रीहून छायाबाईंच्या थोरल्या भावाचा, हिंमतरावांचा फोन आला.

"छाये, तुह्या पोराच्या डब्यानं माही मोटार जाळली वं! विहिरीत पाणी नाही अन् डबा म्हणते चाल! रातभर कोरडी फिरली. गावात अजून चौघांच्या जळल्या."

"दादा, त्याची चूक नाही."

"मंग कोणाची? तो अविनाश आलता पाहाले. लय भला माणूस. म्हणे, मामा, हर्षल नवीन आहे, त्याच्या नजरेतून सुटलं, त्याले काही बोलू नका. मीच मान खाली घातली."

लय भला माणूस! छायाबाईंनी फोन ठेवून दिला.

काल रात्री त्यांनी हर्षलला खोदून विचारलं, तेव्हा कळलं. आज अकराला वरिष्ठांपुढे बैठक आहे. नोंदीत एवढंच दिसतं: बदल तपासला हर्षलने, मंजूर केला हर्षलने, हरकत एकही नाही. अविनाशने सांगितलं आहे, सॉरी म्हणून टाक, मी सांभाळून घेतो. एकदा सॉरी म्हटलं की नोकरी तर जाईलच, वर निष्काळजी हा शिक्का पुढच्या कंपनीतही आधीच पोचलेला असेल.

"पण तू सांगितलं होतं ना त्याले!"

"फोनवर सांगितलं होतं, आई. कोणासमोर?"

त्याच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं छायाबाईंना वाटलं.

सकाळचे सव्वानऊ झाले होते. त्यांनी मोबाइलवर अविनाशचं नाव काढलं. काय काय बोलायचं, ते रात्रभर घोकून ठेवलं होतं. अंगठा त्या नावावर टेकणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतोय. बाजूला घेऊन सांगतोय. तो हसेल, हो काकू म्हणेल, अकरा वाजता गप्प बसेल. 'भीड भिकेची बहीण', त्यांचे वडील म्हणायचे. ती भीड त्यांनीच पोराच्या पदरी बांधली होती, सरांच्या पायांवर त्याचं डोकं टेकवून.

त्या दिवशी पडवीत ऐकणारं कोणी नव्हतं, असं कसं? पिठाने भरलेल्या हातांनी त्या शेजारीच बसल्या होत्या. सहा ओळी त्यांनी ऐकल्या होत्या, अविनाशचा शब्दन् शब्द ऐकला होता. हर्षलला हे सगळ्यांसमोर सांगायचं असेल, तर आधी कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं, की सांगणं गुन्हा नव्हता, पुसायला लावणं होता.

अविनाशचं नाव मागे सारून त्यांनी हर्षलचा नंबर लावला, सगळ्यांसमोर बोल, साक्षीला मी आहे, हे सांगायला. आज तो त्यांच्याशी भांडला तरी चालणार होतं.