हौशीआबांची ठासणीची बंदूक

तळेघरच्या अंगाला हौशीआबांचं नाव निघालं की पाठोपाठ बंदुकीचं निघायचंच. ठासणीची, एकनळी, पीक राखायच्या परवान्यावरची, आबांच्या वडलांपासून चालत आलेली. आता गंमत ऐका. या बंदुकीनं उभ्या जन्मात एक ससासुद्धा मारला नाही! आबा नळीत नुसती दारू ठासायचे, छर्रा कधी घालायचेच नाहीत. बार निघाला की नाचणीतली रानडुकरं डोंगराला लागायची, बस्स, एवढंच त्यांना हवं असायचं. बायको, धोंडाबाई, म्हणायची की बंदूकही मालकावर गेलीय, नुसता आवाज मोठा.

पण बंदुकीला तेलाचा बोळा फिरवताना आबांचा चेहरा बघावा. धाकट्या लेकीची, हर्षालीची, वेणी घालतानाही तो असाच व्हायचा. निवडणुका लागल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, तेवढे दिवस आबांना अन्न गोड लागत नसे. परत आली की धोंडाबाई तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची. माहेरवाशीणच जणू!

खंडेनवमीला तर थाट विचारू नका. बंदूक पाटावर, हळदकुंकू, झेंडू, अन् नारळ फोडून पाण्याची धार थेट नळीवर. वडलांची रीत ती. पूजेची हळद वर्षभर पुसायची नाही, तेलाचा बोळा तिला वळसा घालून जायचा. ही पण वडलांचीच रीत. मग संध्याकाळी पिकल्या नाचणीच्या बांधावर हंगामाचा पहिला बार.

औंदा खंडेनवमीला हर्षाली पुण्याहून आली. लष्करासाठी नव्या रायफली घडवतात अशा ठिकाणी ती कामाला आहे. ढीगभर गोळ्या झाडून झाल्या की नळी कुठं झिजली, कुठं तडकली, हे तपासणं तिचं काम. बंदूक आमच्या रक्तातच हाय, असं आबा एसटीत शेजारी बसेल त्याला सांगायचे.

पूजा उरकली. दुपार कलल्यावर आबा बाराच्या तयारीला लागले, अन् हर्षालीनं सवयीनं बंदूक हातात घेतली. नळी लाकडी दस्त्यात बसते तिथल्या हळदीच्या थराला तिनं नख लावलं, तशी खपली निघाली. खाली तांबडा गंज, अन् गंजाखाली लोखंड भाकरीच्या पापुद्र्याएवढं. बार तिथंच फुटणार होता, आबांच्या गालाशी.

बार काढू नका, ती म्हणाली. आबा उखडलेच. बापाची बंदूक, इतके पावसाळे बघितलेली, अन् कालची पोर आम्हाला शिकवणार! बंदूक अन् दारूचा डबा घेऊन निघाले. हर्षाली दारात आडवी उभी राहिली. वाद घातला नाही. बापाचं बोट धरलं अन् त्या खळग्यावर ठेवलं.

बोट तिथंच राहिलं.

"एवढी तेलात ठिवली," आबा म्हणाले, "मंग पाणी लागलं कुठं हिला?"

हर्षालीची नजर पाटाकडं गेली. तिथं नारळाची भकलं तशीच पडली होती. आबांनीही तिकडं पाहिलं, अन् पाटाशीच बसले.

"म्हंजी मीच."

"तुम्ही माया केली, आबा."

"मायेनंच खाल्ली म्हण की."

बापाचा हात दोन्ही हातांत धरून पोर रडली. वाचला होता तो तिचा बाप, दुसरं काय! धोंडाबाईनं त्या दिवशी टोमणा मारला नाही. संध्याकाळी बांधावर बापलेकींनी पत्र्याचा डबा बडवला. डुकरं त्यालाही पळाली.

पुढच्या आठवड्यात आबा बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून ठाण्यात गेले. निवडणूक तर नाही, अन् परत कधी नेणार, असं हवालदारानं विचारलं.

"परत न्हाई न्यायची, साहेब. लई थकली ती."

मग नवी घेणार का, यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लुगड्याची घडी घालून बगलेत मारली, दारापर्यंत गेले, अन् मागं वळले.

"साहेब, तेवढं पाणी लागू दिऊ नका तिला."