लाल पेटीतला चांगला माल

मी यशवंतराव, चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. स्वभावानं संशयी, देवळात गेलो तरी अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांवर. गिऱ्हाईक कंपनीनं तडे गेलेले तीन लोखंडी ब्रॅकेट परत पाठवले, तेव्हा मी सरळ कुसुमताईंकडे बोट दाखवलं.

कुसुमताई मोशीच्या जुन्या घरातल्या. शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या तशा त्या कामाला लागल्या, त्याला अकरा वर्षं झाली. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक ब्रॅकेटच्या कडेवर अंगठा फिरवायचा आणि बटण दाबायचं. चांगल्याला हिरवं, तडा असला तर लाल. मग हे तीन सुटले कसे? मोबाइल बघत असणार, दुसरं काय. मी मेमो दिला: आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर कामावरून कमी करू.

"म्या लालच दाबलं हुतं," एवढंच म्हणाल्या. सगळेच असं म्हणतात.

मी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्या रिजेक्टच्या लाल पेटीतून ब्रॅकेट काढून टेबलाखालच्या पिशवीत टाकत होत्या. म्हटलं, सापडल्या. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला ठाऊकच होतं.

"काय चाललंय, ताई?"

त्यांनी पिशवीच पुढं केली. आत सात ब्रॅकेट, प्रत्येकावर खडूनं तारीख. "फिरवा अंगठा."

फिरवला. एकालाही तडा नव्हता.

"चांगला माल लाल पेटीत, आन् तडकलेला गिऱ्हाइकाकडं. त्या झिशानला बोलवा."

झिशान म्हणजे पट्ट्याचा प्रोग्राम लिहिणारा इंजिनिअर. तो म्हणाला, "बटण दाबलं की निरोप रांगेत जाऊन बसतो. पुढचं फाटक तो उचलतं आणि ब्रॅकेट चांगल्यात सोडायचा की लाल पेटीत, ते ठरवतं. आधी निरोप येईपर्यंत फाटक थांबायचं, पट्टा खोळंबायचा. यशवंतराव ओरडले, म्हणून गेल्या महिन्यात मी ते थांबणं काढलं. आता फाटक विचारतं, निरोप आहे का? असला तर घ्यायचा, नसला तर पुढं."

"नसला तर ब्रॅकेट कुठं जातो?" ताईंनी विचारलं.

झिशाननं स्क्रीनवर प्रोग्रामची ती ओळ शोधली. "चांगल्यात."

"आन् उशिरा पोचलेला लाल निरोप?"

"रांगेतच राहतो. मागून येणाऱ्या ब्रॅकेटला लागतो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. झिशाननं जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुरुस्ती केली: प्रत्येक निरोपावर ब्रॅकेटचा नंबर, आणि निरोप आलाच नाही तर माल बाजूच्या ट्रेमध्ये.

"मेमो मागं घेतला, ताई. जाऊ द्या आता."

"तोंडी न्हाई चालायचं. संशय लेखी हाय."

मी चडफडत कागद ओढला. लिहिलं: चूक झाली, मेमो रद्द. त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि कागद माझ्यापुढं ठेवला.

"कुणाची, त्ये न्हाई लिवलं."

'चूक'च्या आधी मी 'माझी' लिहिलं.