मोठ्या गाडीचा ब्रेक
ब्रेक ऑइलचा वास आला की ती जुनी टूरिंग मोटारसायकल मला विकणारा जळगावचा माणूस आठवतो. तिचा मागचा ब्रेक पायानं दाबला की पुढचाही लागायचा, पण घेतानाच पेडल मऊ वाटत होतं. "मोठी गाडीनं असंच ऱ्हास, भाऊ," मोठ्या गाडीचं असंच असतं म्हणत तो हसला. सोनगीरजवळच्या उतारावर पेडल तळाला टेकलं, मागे बसलेली बायको किंचाळली आणि हातानं पुढचा ब्रेक आवळून मी गाडी कशीबशी कडेच्या मातीत घातली. घरी बायको पेडल दाबत राहिली, मी नळी लावून ब्रेकच्या तेलातली हवा काढली. मागच्या चाकाच्या ब्रेकमधून स्वच्छ तेल आलं. पुढच्यातून काळं तेल आणि नुसते बुडबुडे; म्हणजे विकताना त्यानं फक्त मागचंच तेल बदललं होतं. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मरनात तर नही ना?" मेलो तर नाही ना, एवढंच. आता जळगावच्या मेहरूण तलावावर तो मला पाहून हात उंचावतो, मी रस्त्यातलं शेण चुकवावं तसा त्याला चुकवून जातो.