माझी हरकत आहे

"सानगडी! अरे वा. तिथं जायला व्हिसा लागतो का गं?"

आमच्या कॉलेजच्या संस्थेचे सचिव माझा अर्ज मोठ्यानं वाचत होते. टेबलापलीकडे ते, प्राचार्य आणि आमच्या विभागाचे सर. तिघंही हसले. मी उभीच होते. समोर खुर्ची होती, पण बस कुणी म्हटलं नव्हतं. न सांगता बसायची माझी छाती नव्हती.

विद्यापीठानं फेलोशिप काढली होती. एक वर्ष परदेशात फिरायचं, एकट्यानं. सोबत कुणी नाही, परीक्षा नाही. आपल्याला जे बघायचं आहे ते बघायचं आणि परत येऊन लिहायचं. प्रत्येक कॉलेजानं एकच नाव पाठवायचं होतं, म्हणून भंडाऱ्याला कॉलेजात ही मुलाखत. मी लिहिलं होतं, मला व्हिएतनाम आणि इंडोनेशियात चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बाया बघायच्या आहेत. त्या मुक्कामाला कुठं राहतात, तान्हं पोर कुणाजवळ ठेवतात, कंबर धरली की काय करतात.

अर्जात एक रकाना होता. याआधी घर सोडून अनोळखी ठिकाणी राहण्याचा अनुभव. मी खरं ते लिहिलं. सानगडी, दहा दिवस. आंधळगाव, पंधरा दिवस. बाराव्या वर्षापासून मायसोबत रोवणीला जात होते. आमचं गाव दिघोरी. तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परक्या गावात उतरायचं, परक्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं. त्या रकान्यात बाकीचे सिंगापूर लिहितात, हे मला कोण सांगणार?

"आंधळगावात कुणाकडे होतीस?" सचिवांनी विचारलं.

"तुमच्याच धानाच्या बांधीत, साहेब."

ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे हिची पहिली फॉरेन टूर आपल्याच चिखलात! आणि मुक्काम?"

"गोठ्यात, साहेब."

"मग काय, फाइव्ह स्टार."

पुन्हा हसले. आणि मीही हसले. हे मला लिहिलंच पाहिजे. मी दात काढून हसत होते. मालक हसला की आपण हसायचं, हे मी बांधीत शिकले होते. नाही हसलं तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही.

मग साहेब गंभीर झाले. "एकटी जाशील? तुमच्यातल्या पोरी एकट्या बाहेर पडल्या की काय होतं, ते काही आम्हाला माहीत नाही असं नाही."

या वाक्यावर कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी मान हलवली. ती भीती माझीही होती. मी विमानतळ टीव्हीवरच पाहिला होता. नागपूरच्या बसस्टँडवर एकटी उतरले तरी मी बॅग पोटाशी धरते. साहेबांनी माझी भीती माझ्याच अंगावर फेकली. आणि वर, तुमच्यातल्या.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्या मागे आले. हातात एक टाईप केलेला कागद होता.

"विषय चांगला आहे तुझा," सर हळू म्हणाले. "साहेबांनाही आवडला. त्यांची भाची अर्ज करणार आहे. इंग्रजी चांगलं आहे तिचं. ती जाईल. तू इथं तिला गावागावात फिरव, बायांशी ओळख करून दे. तुलाही सर्टिफिकेट मिळेल. फक्त यावर सही कर. उद्या आण."

कागदावर लिहिलं होतं, माझ्या विषयावर अन्य उमेदवारानं अर्ज केल्यास माझी हरकत नाही.

लाखांदूरच्या एसटीत मी तो कागद कितीदा वाचला, माहीत नाही. आत विषयावर हसले. बाहेर येऊन विषय मागितला. हसण्यासारखा होता तर मागता कशाला? पवनी येईपर्यंत मला एवढं कळलं होतं. हसू विषयावर नव्हतं. तो माझ्या हातात होता, म्हणून हसू आलं होतं. माझे कान तापले. पण भीती गेली नाही. राग आला की भीती पळते म्हणतात. माझी नाही पळाली. दोघं शेजारी शेजारी बसून आली.

माय तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"करून टाक ना सही," माय म्हणाली. "मोठ्या लोकायशी कायले वाकडं घेतं वो? त्यायच्या बांधीत आमी अकरा बाया जातो. उद्या बोलावलं नाही त मी त्या बायायले काय तोंड दाखवू?"

"विषय माझा आहे, माय."

"असन. पन येकटी परदेशात जाईन म्हनतं, तुले भेव नाही लागत?"

"लागते."

"मंग?"

मी कागद पुढ्यात घेतला. माय माझ्यावर चिडली नव्हती. ती घाबरली होती. तिला घाबरलेलं पाहून मी अर्धी मोडले. पेन काढलं, टोपण उघडलं. आणि माझं ते दात काढून हसणं मला आठवलं. सही केली असती तर मी आयुष्यभर तशीच हसत राहिले असते. टोपण लावलं. त्या दिवशी आम्ही दोघी नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. 'नाही' हा शब्द खोडून मी त्यावर 'आहे' लिहिलं होतं. खाली सही.

सरांचा चेहरा उतरला. "वेडी आहेस का? नाव जाणार नाही तुझं."

"मग तसं लिहून द्या, सर. माझं नाव काहून पाठवत नाही, ते मले लिहून द्या."

"असं लिहून देत नसतात."

मी टेबलावरचा कागद परत उचलला. तो आणि अर्जाची प्रत घेऊन ऑफिसात गेले आणि तिथल्या कारकून बाबूंना म्हटलं, आवक रजिस्टरात नोंद करून घ्या. बाबूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सचिवांच्या बंद दाराकडे. मग मान खाली घालून शिक्का मारला. माझ्या प्रतीवरही मारला.

आषाढात आंधळगावचा निरोप आला नाही. अकरा बायांची पंधरा दिवसांची रोवणी माझ्यामुळे गेली. त्यातल्या चार माझ्याशी बोलत नाहीत. मायही कामापुरतंच बोलते. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण ते बोलावणं मी बंद केलेलं नाही. ज्यानं केलं, त्याचं नाव घ्यायला आम्ही अजून घाबरतो.

माझं नाव गेलं की नाही, कॉलेज सांगत नाही. सोमवारी मी विद्यापीठात जाणार आहे. एकटी. गेटपासूनच माझे पाय कापतील, मला माहीत आहे. कापू देत. मला 'नाही' म्हणायचं असेल तर माझ्या नावानिशी, कारणासकट, कागदावर म्हणा. तोवर मी त्या दारातून हलणार नाही. आणि एक सांगून ठेवते, साहेब, तुमच्यासमोर मी आता हसणार नाही.