महामायाचं जायचं ठरलं होतं

महामायाला शाळेत घालायला आणलं तेव्हा तिचा मोठा भाऊही वर्गात येऊन बसला आणि उठेचना. नांदेडला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मी तेव्हा नवीनच लागले होते. तिचे वडील व्यंकटी सोनकांबळे यांचं कंधारच्या बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान. ते दारात उभे राहून म्हणत होते, "संघपाल, ऊठ. तुझी शाळा न्हाई ही."

पोरगं म्हणालं, "मग ही काय म्हणून राहिली ते घरी कोणाला कळंल?"

खरंच होतं ते. महामाया तान्ही असताना एका वरातीत बँजोच्या गाडीसमोर आईच्या खांद्यावर गाढ झोपून राहिली होती. आईला, सुमनबाईंना, तेव्हा पहिल्यांदा शंका आली. डॉक्टर झाले, कानाचं यंत्र झालं, काही उपयोग झाला नाही. मग घरातल्या घरात खुणा तयार झाल्या. मिशीला पीळ म्हणजे बाबा, हनुवटीवरच्या गोंदणाला बोट लावलं की आई. जेव, झोप, चल, नको. एवढ्यावर घर चालत होतं. संघपालला ते पुरेना. बहिणीला सोडायला आला की तो एखादा दिवस शाळेतच रेंगाळायचा. मुलांशी खेळता खेळता, भांडता भांडता त्यांची भाषा शिकला, आणि पुढे इतका सफाईने हातांनी बोलायला लागला की नवीन आलेल्या पालकांना तोही आमचाच विद्यार्थी वाटायचा.

महामाया गणितात फार पुढे होती. माझं फळ्यावर लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे, आणि मी जास्त पायऱ्या लिहिल्या की तिला कंटाळा येई. दहावीला तिने चांगले मार्क काढले. पुढे आमच्याकडे सोय नव्हती. मीच म्हटलं, लातूरला सायन्सला घाला.

लातूरला पोरं डॉक्टर व्हायला येतात. महामायाला गणित पाहिजे होतं. कॉलेजात सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, ओठ दिसायचे नाहीत, आणि दिसले असते तरी त्या वेगाने तिला काही कळलं नसतं. संघपाल तेव्हा नांदेडला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. ते सोडून तो लातूरला आला. प्राचार्यांना भेटून त्याने परवानगी काढली की तो तिच्या शेजारी बसेल आणि सर बोलतील ते तिला हातांनी सांगेल. सकाळी कॉलेज, आणि उरलेल्या वेळात एका मेसचे डबे सायकलवर पोचवायचे. व्यंकटींना हे अजिबात पटलं नव्हतं.

"तुझं काय मग?" त्यांनी विचारलं.

"तिचं होऊ द्या की, बाबा. मग माझं करतो."

भेटायला आला की मला हसत म्हणायचा, "मॅडम, बारावी सायन्स मी पण शिकलो. फक्त परीक्षा दिली न्हाई."

परदेशी जायचं खूळ एका व्हिडिओतून आलं. हैदराबादची एक बहिरी मुलगी अमेरिकेत शिकायला गेली होती. तिथल्या विद्यापीठात सगळा कारभार हातांनी चालतो, असं ती सांगत होती. प्राध्यापक हातांनी शिकवतात, ऑफिसातली माणसं हातांनी बोलतात, एवढंच काय, गेटवरचा वॉचमनसुद्धा. महामायाने तो व्हिडिओ मला दाखवला आणि वॉचमनचा भाग पुन्हा लावला. मग स्वतःकडे बोट करून विचारलं, मी तिथे एकटी दुकानात जाऊ शकेन?

हो, मी म्हटलं.

संघपालशिवाय?

हो.

तिला एकटीने काही करता येतं की नाही, हे तिला तोपर्यंत कळायलाच जागा नव्हती.

मग अर्जाचं वर्ष सुरू झालं. बारावीनंतर त्यासाठी ती एक वर्ष थांबली. इंग्रजीची परीक्षा होती. निकालपत्रांच्या शिक्के मारलेल्या प्रती लागत होत्या. शाळेच्या दाखल्यावर सोनकांबळेचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं निघालं, त्यासाठी संघपालने किती चकरा मारल्या त्याची मोजदाद नाही. माझ्याकडून शिफारसपत्र हवं होतं. सगळ्यात अवघड होता निबंध. स्वतःबद्दल लिहा, तुमच्याच शब्दांत. महामाया हातांनी सांगायची, संघपाल ते मराठीत लिहायचा, मग दोघं मिळून इंग्रजी करायचे. ते वाचून तिने मान हलवली. हा माणूस मी नाही, म्हणाली. शेवटी तिने एकटीने बसून लहान लहान वाक्यांचा निबंध लिहिला. व्याकरण जागोजागी चुकलेलं. मी लाल पेन हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवला.

अमेरिकेतल्या बहिऱ्यांची खुणांची भाषा वेगळी असते. तीही शिकायची होती. लातूरच्या भाड्याच्या खोलीत दोघं मोबाइलसमोर बसून शिकायचे. तिला सराव करायला कोणीतरी हवं म्हणून संघपालने तीसुद्धा भाषा शिकून घेतली. त्याला तिकडे कुठे जायचं होतं?

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस कंधारला घरी आले, तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. हवालदार महामायाला प्रश्न विचारायचे आणि संघपाल उत्तर द्यायचा. शेवटी ते म्हणाले, "हिला तर काहीच ऐकू येत नाही. परदेशात कसं होणार हिचं?"

"साहेब, ती जाऊन राहिली तिथं ऐकायचं कामच न्हाई," संघपाल म्हणाला.

सुमनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मला आत बोलावून म्हणाल्या, "बाई, ती तिकडं गेल्यावर मी बोलायचं कसं? फोनवर तिला ऐकू येत न्हाई. लिवलेलं मला वाचता येत न्हाई."

"संघपाल आहे ना. व्हिडिओवर बोलेल आणि तुम्हाला सांगेल."

"हाव," त्या म्हणाल्या. "संघपाल हाय म्हणा."

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याची मेल आली. फी, राहणं, जेवण, सगळं शिष्यवृत्तीतून. व्यंकटींनी स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना पेढे वाटले. पुढे व्हिसा झाला. ऑगस्टचं तिकीट निघालं. व्यंकटी बाजारातून मोठी चाकाची बॅग घेऊन आले आणि तिची चाकं चांगली आहेत का, हे त्यांनी दुकानासमोर फिरवून पाहिलं.

जुलैमध्ये लातूरला पाऊस लागला होता. संघपालला खोकला होता, ताप होता, तरी तो भिजत डबे पोचवत राहिला. ताप अंगावर काढला. नांदेडच्या दवाखान्यात आणलं तेव्हा दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. तोंडातून घशात नळी घातली. त्याला बोलता येईना.

अतिदक्षता विभागात एका वेळी एक-दोन माणसांनाच सोडायचे. आईवडील पलंगाशी उभे राहायचे आणि पोरगा काय म्हणतो ते त्यांना कळायचं नाही. महामायाला कळायचं. त्याच्या एका हाताला सलाईन होतं, तो हात पट्टीने बांधलेला. दुसरा मोकळा होता. ज्या शब्दांना दोन हात लागतात ते त्याचे अर्धेच व्हायचे. मग महामाया आपला हात त्याच्या हातासमोर धरायची, म्हणजे दोघांचा मिळून एक शब्द व्हायचा. मी हे काचेतून पाहिलं. माझ्या शेजारी सुमनबाई उभ्या होत्या.

"काय म्हणून राहिला तो, बाई?"

"तुम्ही जेवलात का, विचारतोय."

सुमनबाईंनी काचेपलीकडच्या लेकाकडे बघून मान हलवली, जेवले म्हणून. त्या जेवल्या नव्हत्या.

मी सारखी तिथे नसायचे. मी नसले की महामाया त्याचं म्हणणं मराठीत लिहून वडिलांना द्यायची. व्यंकटी अक्षर अक्षर जुळवून वाचायचे आणि सुमनबाईंना सांगायचे. तोवर तिकडे तो पुढचं काही बोलून गेलेला असे.

चौथ्या दिवशी दुपारी संघपाल गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कंधारला झाला. भन्तेजींची वंदना झाली, माणसं जेवून पांगली. महामाया मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिने मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देते. भेटीची वेळ संपली होती. नर्स तिला बाहेर काढत होती. ती दारापर्यंत गेली आणि वळून पाहिलं, तर संघपालने मोकळ्या हाताने दोनदा खूण केली. जाऊ नको. नर्सने दार लावलं. पुन्हा आत सोडलं तेव्हा त्याने डोळे उघडले नाहीत.

मी तिला म्हटलं, अगं, तो खोलीबाहेर जाऊ नको म्हणाला. घाबरला असेल तो. तुझ्या शिक्षणाबद्दल नाही म्हणाला.

मला माहीत आहे, ती म्हणाली.

मग?

पण शेवटचं तेच म्हणाला. आणि मी गेले.

मी पुष्कळ समजावलं. त्यानेच कसा सगळा खटाटोप केला होता, त्याला काय वाटेल, असं सगळं, जे अशा वेळी माणसं बोलतात ते. ती शांतपणे माझ्या हातांकडे बघत राहिली. मग घराकडे बोट केलं. आत सुमनबाई भांडी लावत होत्या. महामायाने विचारलं, मी गेल्यावर ती कोणाशी बोलेल?

व्यंकटी तिला जा म्हणत होते. दुकानाच्या पाटीमागे त्यांनी खडूने मोठ्या अक्षरांत तिला लिहून दाखवलं, तू जा, आमचं आम्ही बघतो. तिने ते पुसून टाकलं. ऑगस्ट आला आणि गेला. आम्ही विद्यापीठाला कळवून एका वर्षाची मुदत मागितली. त्यांचं उत्तर फार मायेचं होतं. तुमची जागा ठेवतो, पण शिष्यवृत्ती राखून ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

ते वर्ष महामाया कंधारला राहिली. आईला तिने आपली भाषा शिकवायला घेतली. सुमनबाईंचा हात जड, बोटं कामाने ताठलेली, काही खुणा त्यांना अजूनही नीट जमत नाहीत. पहिले काही महिने त्या लाजायच्या. शेजारणी बघतात म्हणून दार लावून शिकायच्या. मग लाज गेली. भाकरी थापताना मध्येच पिठाचा हात उचलून काहीतरी विचारायच्या आणि पीठ सगळीकडे उडायचं. मुलीला काय आवडतं, कशाची भीती वाटते, लातूरला कोणती पोरगी तिची मैत्रीण होती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा मुलीकडून कळलं.

एकदा मी गेले तर दोघींचं जोरात भांडण चाललं होतं. घरात चिडीचूप आणि दोघींचे हात नुसते फिरताहेत. सुमनबाई चुकत होत्या, पण थांबत नव्हत्या. तू का गेली नाहीस, त्या विचारत होत्या. माझ्यासाठी थांबलीस का? मी सांगितलं होतं का तुला? माझा एक गेला तो गेला, दुसरीनं माझ्यामुळं घरात बसायचं, मी हे कोणाला सांगू?

महामायाने तेव्हा आईला दवाखान्याच्या दारातली गोष्ट सांगितली. सुमनबाईंना आधी कळली नाही. पुन्हा सांगितली. जाऊ नको ही खूण त्यांना नव्याने शिकावी लागली नव्हती, ती घरातलीच होती, पोरं लहान असल्यापासूनची. त्या खाली बसल्या. मला तोंडाने म्हणाल्या, "बाई, ही एवढं घेऊन एकलीच बसली होती की हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला पुन्हा अर्ज करायला लावला. निबंध तिने नवीन लिहिला. आता मदतीला मी होते, पण संघपालची सर मला येत नव्हती. महामाया काही विचारायची आणि मला दोनदा बघावं लागायचं. त्या वर्षी शिष्यवृत्तीला तिच्याहून चांगली मुलं आली असतील. तिचं नाव निघालं नाही. जागा होती, पण नुसत्या जागेचं आम्ही काय करणार होतो? मेल वाचून तिने मोबाइल उलटा ठेवला आणि वडिलांचा डबा घेऊन दुकानाकडे निघून गेली.

याला आता तीन वर्षं झाली. महामाया माझ्या शाळेत खालच्या वर्गांना गणित शिकवते, मदतनीस म्हणून. मुक्त विद्यापीठातून बीएस्सी करते आहे. पुस्तकं घरी येतात, शिकवायला कोणी नसतं, त्यामुळे तिला दुभाष्या लागत नाही. काही अडचण नाही, असं ती म्हणते. तिला जेवढं गणित येतं तेवढं शिकवणारं माणूस इथे नाही, हे मला कळतं.

शनिवारी ती कंधारला जाते. कधी मीही बरोबर असते. सुमनबाई स्टँडवर येऊन थांबतात आणि गाडी नीट उभी राहायच्या आत खाली उभ्या राहून खिडकीतल्या लेकीशी बोलायला लागतात. कंडक्टर हसतो. घरी गेल्यावर दोघी अंगणात बसतात. मधूनच संघपालचा विषय निघतो. ते मला लगेच कळतं, कारण दोघींचे हात एकदम लहान होतात, छातीजवळ येतात. कोणाचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणून माणूस उठून जातो. मला उठावं लागत नाही. मी मान वळवून रस्त्याकडे बघत बसते.