माणसाचा पगार

“भाऊ, माह्या माणसाचा पगार आला का?”

खिडकीच्या जाळीला नाक लावून ती विचारायची. तिचा माणूस जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

नव्वदीतली गोष्ट. मी पुलगावला बँकेत कारकून होतो. तिचा नवरा ट्रकवर हमाल होता. ट्रक उलटला आणि तो गेला. नुकसानभरपाईची रक्कम कोर्टाने तिच्या नावाने आमच्याकडे मुदत ठेवीत ठेवायला लावली. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती मोडता येत नव्हती, दरमहा व्याज तेवढं मिळायचं. ते न्यायला ती नाचणगावहून चालत यायची.

“बाई, हे व्याज आहे,” मी एकदा समजावलं.

“तुमच्यासाठी व्याज असन. जिता होता तवा एवढ्या वेळेवर कधी पैसे आणले नाई त्यानं!”

सगळी बँक हसली. तीही हसली.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, ज्याचा आवाज आपण ओळखतो, पण घर माहीत नसतं. तिची मुलगी मी पाहिली ती एकदम सात वर्षांची, आईच्या कडेवर, ओठ निळसर. हृदयाला छिद्र होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन करायला सांगितलं होतं.

“ठेव मोडा ना भाऊ.”

“कोर्टाची परवानगी लागते.”

“वकील म्हणते सहा महिने लागन. तवरोक इले कुठं ठेवू?”

उत्तर निघालं गावातल्या एका कापड दुकानदाराकडे. त्याने तिला एकरकमी रोख पैसे दिले. बदल्यात सात वर्षं दर महिन्याचं व्याज त्याचं. ऑपरेशन पार पडल्यावर मला हे कळलं. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. “दुपटीहून जास्त घेतोय तो तुमच्याकडून.”

“घेऊ द्या. पोरगी श्वास घेऊन राह्यली.”

त्यानंतर ती दर महिन्याला यायची, पैसे घ्यायची आणि बाहेर पायरीवर उभ्या दुकानदाराच्या हातात ठेवून शेतात निंदणाला जायची. पगाराचं विचारणं मात्र बंद झालं. मीच एकदा छेडलं, तर मान खाली घालून म्हणाली, “म्या माह्या माणसाले दुसऱ्याच्या घरी कामाले लावलं भाऊ. आता कोन्त्या तोंडानं इचारू?”

एका उन्हाळ्यात ती तापाने फणफणत आली. मी चिडलो. “असला करार कोर्टात टिकत नाही. नका देऊ त्याला.”

“शब्द देल्ला मी,” ती म्हणाली. “त्यानं पैसे देल्ले तवाच पोरगी वाचली.”

सात वर्षं भरायला चार महिने उरले असताना ती यायची थांबली. काविळीने आठ दिवसांत गेली. दुकानदार एकदा खिडकीशी येऊन विचारून गेला, मग तोही फिरकला नाही.

पुढे मुलगी मामासोबत वारसाचे कागद घेऊन आली. चौदा वर्षांची, गाल भरलेले. सह्या झाल्यावरही ती खिडकीशी उभीच.

“साहेब, तुमच्याजवळ आईचा फोटो असन ना? घरी एकबी नाई.”

खातं उघडतानाचा अर्ज मी जुन्या फायलीतून शोधून आणला. कोपऱ्यात चिकटवलेला काळा-पांढरा फोटो, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे. अर्ज देता येत नव्हता; मी तो जाळीखालून तिच्यापुढे सरकवला. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही.

मग तिने वर पाहिलं.

“आई एवढी लहान होती?”

मी अर्जावरचं वय वाचलं. तेवीस.